हेन्री फोर्ड आणि चार वेटोळीं

पावसाळ्याचे दिवस असावे, रत्नागिरीहून कोल्हापुरास निघालेली मोटार साखरपें मागें टाकून आंबा घाटाच्या चढणीस लागलेली असावी, आणि अर्ध्या चढावर तिची चाल एकाएकीं बिघडावी, असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं अनुभविला असेल. यंत्र सर्वस्वीं बंद पडत नाहीं. परंतु पालखीच्या चार भोयांपैकीं एकाचा पाय मुरगळावा आणि पालखी हिंदकळूं लागावी, तशी गाडी अडखळत, धक्के देत चढूं लागते. आमचे मिस्त्री लोक ह्यास गाडी मिसिंग करते असें म्हणतात. कशीबशी ती मिस्त्रीच्या दारीं पोंचली म्हणजे तपासांतीं पुष्कळदां असें निघतें कीं, चार सिलिंडरांपैकीं एकांत ठिणगी पाडणारी कॉईल, म्हणजे तारेचें वेटोळें, निकामी झालें आहे. मग मालकापुढें प्रश्न उभा राहतो: बिघडलेलें एकच वेटोळें बदलावें, कीं एक गेलें त्या अर्थीं बाकीचींही जाणारच असें समजून चारही एकदम बदलावीं? घरांत ह्यावर लागलीच दोन पक्ष पडतात. एकास खर्च दिसतो, दुसऱ्यास पुन्हां घाटांत अडकून पडण्याची भीति दिसते.

वरवर पाहतां हा प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों, त्याच्या आयुष्यांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं पुनःपुन्हां उभा राहिला. कधीं तारेच्या वेटोळ्यांविषयीं, कधीं कारखान्यांतील मजुरांविषयीं, तर कधीं एका संपूर्ण मानवसमूहाविषयीं. कांहीं प्रसंगीं त्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर इतकें उत्तम दिलें कीं, सामान्य माणसाचें जिणें त्यामुळें पालटलें. आणि कांहीं प्रसंगीं तें इतकें चुकविलें कीं, त्याचे चाहतेही खालीं पाहतात. तो पुरुष म्हणजे अमेरिकेंतील मोटारींचा प्रसिद्ध कारखानदार हेन्री फोर्ड.

हेन्रीचा जन्म ता. ३० जुलै १८६३ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहराजवळच्या डिअरबॉर्न गांवानजीक एका शेतावर झाला. त्याचा बाप विल्यम हा आयर्लंडांतून येऊन अमेरिकेंत शेतकरी झालेला होता. मुलानेंही नांगर धरावा अशी बापाची साहजिक इच्छा. परंतु मुलाचें मन शेतांत रमेना. सन १८७६ मध्यें, हेन्री तेरा वर्षांचाही झाला नव्हता तोंच, त्याची आई मेरी वारली. त्याच वर्षीं बापाबरोबर डेट्रॉइटच्या रस्त्यानें जात असतां, घोड्यांवांचून आपल्याच वाफेच्या बळावर चालणारें एक इंजिन त्यानें पाहिलें. त्या दृश्याचा ठसा त्याच्या मनावर असा उमटला कीं, म्हातारपणींही तो त्या दिवसाची आठवण काढीत असे.

ह्याच सुमारास त्यास घड्याळें उघडण्याचा नाद लागला. खिळा घासून त्यानें पेंचकस बनविला होता, असें सांगतात. शेजारपाजारचीं बंद पडलेलीं घड्याळें त्याच्याकडे येऊं लागलीं. घड्याळाची दुरुस्ती ही एक मोठी शाळा आहे. त्यांत चाकें अनेक असतात आणि एकाचा एखादा दांता वांकडा झाला तरी सारें घड्याळ थांबतें. अडाणी मनुष्य घड्याळच गेलें म्हणून हळहळतो. जाणता मनुष्य तो एक दांता शोधून काढतो. पुष्कळांच्या अपराधांतून खरा अपराधी निवडून काढण्याची ही विद्या हेन्रीनें कोणा गुरूवांचून आत्मसात् केली.

सन १८७९ मध्यें, सोळा वर्षांचा असतां, तो शेत सोडून डेट्रॉइटास गेला व यंत्रशाळेंत उमेदवार म्हणून राहिला. दिवसा यंत्रांचें काम करावें आणि रात्रीं एका जवाहिऱ्याच्या दुकानीं घड्याळें दुरुस्त करावीं, असा त्याचा क्रम होता. स्वस्त घड्याळें हजारोंनीं तयार करण्याचा बेतही त्याच्या मनांत आला होता. परंतु घड्याळ ही प्रत्येकास अवश्य लागणारी वस्तु नव्हे, असें मनाशीं ठरवून त्यानें तो सोडून दिला. पुढें कांहीं वर्षें गांवीं राहून तो शेतकऱ्यांचीं वाफेचीं इंजिनें चालवून व दुरुस्त करून देत असे. सन १८८८ मध्यें क्लारा ब्रायंट हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि १८९१ मध्यें तो डेट्रॉइटांतील एडिसनच्या नांवाच्या वीजकंपनींत नोकरीस लागला.

सन १८९३ च्या डिसेंबरांत, नाताळाच्या आदल्या रात्रीं, त्याच्या स्वयंपाकघरांत एक विलक्षण प्रयोग झाला. हेन्रीनें स्वतःच्या हातानें एक लहानसें पेट्रोलचें इंजिन बनविलें होतें. क्लारा सणाच्या स्वयंपाकांत गुंतलेली, सात आठवड्यांचा एडसेल बाजूच्या खोलींत निजलेला, आणि हेन्री इंजिन घेऊन आंत आला. भांडीं धुण्याच्या मोरीवर त्यानें तें पक्कें बसविलें, क्लाराच्या हातीं पेट्रोलचें भांडें दिलें, आणि ठिणगीसाठीं घरांतील विजेच्या दिव्याच्या तारेंतून प्रवाह घेतला. क्लारानें थेंब थेंब पेट्रोल सोडलें, हेन्रीनें चाक फिरविलें, आणि इंजिन फटफट करीत चालूं लागलें. ठिणगी वेळेवर पडली तर इंजिन जिवंत, नाहीं तर तें नुसतें लोखंड, हें त्या रात्रीं त्या पतिपत्नींनीं डोळ्यांनीं पाहिलें.

पुढें अडीच वर्षांनीं, ता. ४ जून १८९६ रोजीं पहांटेपूर्वीं, त्याची पहिली गाडी तयार झाली. सायकलीसारखीं चार चाकें व त्यांवर इंजिन, असें तिचें रूप होतें. गाडी सिद्ध झाल्यावर असें आढळून आलें कीं, ती छपरीच्या दारांतून बाहेर निघत नाहीं! फोर्डनें कुऱ्हाड घेऊन दाराजवळची विटांची भिंत फोडली आणि गाडी रस्त्यावर आणली. त्यानंतरचीं कांहीं वर्षें मात्र कष्टाचीं गेलीं. १८९९ मध्यें काढलेली पहिली कंपनी बुडाली. दुसरींतून तो १९०२ मध्यें बाहेर पडला. दोन अपयशें पचवून ता. १६ जून १९०३ रोजीं त्यानें भागीदारांसह फोर्ड मोटर कंपनी स्थापन केली. तेव्हां तो चाळिशीस टेंकला होता.

ता. १ ऑक्टोबर १९०८ रोजीं ह्या कंपनीनें आपली जगप्रसिद्ध मॉडेल टी गाडी बाजारांत आणली. हिच्या अंगीं डौल नव्हता, पण खेड्यांतील चिखलाचे रस्ते तुडविण्याचें सामर्थ्य होतें. आमच्या विषयाशीं जिचा निकट संबंध आहे ती ठिणगीची योजनाही ह्या गाडींत पाहण्यासारखी होती. ती नीट समजावी म्हणून वेटोळें काय करतें हें प्रथम सांगितलें पाहिजे.

लोखंडाच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारों वेढे दिले म्हणजे वेटोळें तयार होतें. जाड तारेंतील विजेचा प्रवाह एकाएकीं तोडला कीं, बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ मध्यें शोधून काढलेल्या नियमाचेंच हें फळ होय. हा दाब प्लगच्या टोंकाशीं ठेवलेल्या बारीक फटींतून उडी घेतो, तीच ठिणगी. तिनें सिलिंडरांतील हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण पेटतें आणि दट्ट्या खालीं ढकलला जातो. मॉडेल टी गाडीचीं सिलिंडरें चार, म्हणून वेटोळींही चार. प्रत्येक वेटोळें आपापल्या लहान लांकडी खोक्यांत असे आणि चारही खोकीं हांकणाऱ्याच्या समोर एका पेटींत शेजारीं शेजारीं बसविलेलीं असत. त्यांस लागणारी वीज इंजिनाच्या जड चाकावर बसविलेल्या सोळा चुंबकांच्या फिरण्यानें उत्पन्न होई. प्रत्येक वेटोळ्याच्या माथ्यावर पोलादाची एक पातळ पट्टी असे. प्रवाह आला कीं ती भुंग्यासारखी गुणगुणत प्रवाह जोडी व तोडी.

आतां ह्या चारांपैकीं एक बिघडलें तर काय करावें? फोर्डच्या गाडीबरोबर येणाऱ्या सूचनांत त्याची रीत दिलेली असे. इंजिन चालू ठेवून त्या गुणगुणणाऱ्या पट्ट्या बोटानें दाबून पाहाव्या. जी दाबल्यानें इंजिनाचा आवाज बदलतो, तिचें सिलिंडर काम करीत होतें. जी दाबूनही कांहीं फरक पडत नाहीं, तेंच सिलिंडर लंगडें. परंतु लंगडें सिलिंडर सांपडलें म्हणजे वेटोळ्याचा अपराध सिद्ध झाला, असें नव्हे. मग त्या जागचें वेटोळें काढून शेजारच्या जागीं व शेजारचें ह्या जागीं बसवावें. लंगडेपणा वेटोळ्याबरोबर शेजारीं गेला, तर दोष वेटोळ्याचा; तो जागच्या जागींच राहिला, तर वेटोळें निर्दोष, आणि प्लग, तार अथवा प्रवाह वांटणारा भाग ह्यांत दोष शोधावा. ह्या परीक्षेस पैसा लागत नाहीं, फक्त थोडा धीर लागतो.

दोषी वेटोळें एकदां ठरलें कीं तेंच एक काढून तसलेंच दुसरें बसवितां येई. मात्र नवें वेटोळें नुसतें आंत सरकवून भागत नसे. त्याच्या पट्टीचा ताण इतर तिघांशीं जुळवून घ्यावा लागे, नाहीं तर नवें असूनही तें गाडी अडखळवी. एकटें वेटोळें बदलणें शक्य झालें ह्याचें कारण, चारही वेटोळीं हुबेहुब एकसारखीं केलेलीं असत. आज आपणांस ह्यांत नवल वाटत नाहीं. परंतु त्या काळच्या पुष्कळ गाड्या कारागीर कानस घेऊन एकेक भाग घासून जुळवीत असत, आणि एका गाडीचा भाग दुसरीस बसेलच असा भरंवसा नसे. एकसारखे भाग करण्याची युक्ति फोर्डनें काढली नाहीं. बंदुका करणाऱ्यांनीं व इतरांनीं ती पूर्वींच वापरली होती, आणि कॅडिलॅक कंपनीनें तर १९०८ मध्यें इंग्लंडांत तीन गाड्या मोडून, त्यांचे भाग मिसळून, पुन्हां तीन गाड्या उभ्या करून दाखविल्या होत्या. फोर्डनें ती युक्ति शेतकऱ्याच्या व मजुराच्या दारीं नेली, हें त्याचें श्रेय.

सन १९१३ च्या एप्रिलांत त्याच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत आणखी एक पाऊल पुढें पडलें. तोंवर चुंबकांचें तें ठिणगीयंत्र एकेक कामगार एकट्यानें जुळवी व त्यास सुमारें वीस मिनिटें लागत. आतां तें काम एकोणतीस जणांत वांटून, काम माणसाकडे सरकत यावें अशी व्यवस्था केली. तेव्हां वेळ तेरा मिनिटें दहा सेकंदांवर आला व पुढें पांच मिनिटांपर्यंत उतरला. सरकत्या जुळणीचा हा प्रसिद्ध प्रयोग गाडीच्या ठिणगीच्या भागावरच प्रथम झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. लौकरच सारी गाडी तशीच जुळूं लागली. साडेबारा तासांचें काम दीड तासावर आलें. १९०८ मध्यें ८५० डॉलरांस मिळणाऱ्या ह्या जातीच्या गाडीचा सर्वांत स्वस्त प्रकार १९२५ मध्यें २६० डॉलरांस मिळूं लागला.

परंतु येथेंच तो जुना प्रश्न नव्या वेषांत फोर्डपुढें आला. दिवसभर एकच बोल्ट आंवळीत बसण्याच्या कामास माणसें इतकीं कंटाळलीं कीं तीं भराभर नोकरी सोडूं लागलीं. १९१३ मध्यें सुमारें चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठीं त्यास वर्षांत बावन्न हजारांहून अधिक माणसें कामावर घ्यावीं लागलीं. गेलेल्या माणसाच्या जागीं दुसरा, दुसऱ्याच्या जागीं तिसरा, असें चाललें होतें. आमच्या घाटांतील मोटारीच्या मालकानें दर महिन्यास एकेक वेटोळें बदलावें आणि तरीही गाडी लंगडावी, त्यांतलाच हा प्रकार. दोष माणसांत नव्हता, तर कामांत व वेतनांत होता. ता. ५ जानेवारी १९१४ रोजीं फोर्डच्या कंपनीनें जाहीर केलें कीं, कामाचा दिवस नऊ तासांऐवजीं आठ तासांचा, आणि रोजचें उत्पन्न सुमारें सव्वादोन डॉलरांऐवजीं पांच डॉलर. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या दारीं माणसांची रीघ लागली आणि नोकरी सोडणाऱ्यांची संख्या झपाट्यानें उतरली. मूळ कारण ओळखून केलेला हा उपाय होता. मात्र ह्या वाढीव पैशासाठीं कामगारानें आपलें घरचें वर्तनही कंपनीच्या तपासनिसांस दाखवावें, अशी अट होती; ती स्वाभिमानी माणसांस बोचल्याखेरीज राहिली नाहीं.

ज्या मनुष्यानें दोष शोधण्याची ही सूक्ष्म विद्या यंत्रांत दाखविली, त्यानेंच ती माणसांच्या बाबतींत एकदां पार गुंडाळून ठेविली. सन १९२० पासून फोर्डच्या मालकीच्या एका साप्ताहिकांतून यहुदी लोकांविरुद्ध लेखमाला निघूं लागली. जगांतील नाना अनर्थांचें खापर एका संपूर्ण समाजाच्या माथीं फोडणारे ते लेख पुस्तकरूपानेंही निघाले, आणि त्यांचें भाषांतर जर्मनींत वाचलें गेलें. न्यायालयांत खेंचले गेल्यावर १९२७ मध्यें फोर्डनें जाहीर क्षमा मागितली. परंतु १९३८ मध्यें हिटलरच्या सरकारानें दिलेलें पदकही त्यानें स्वीकारलें. एका वेटोळ्याच्या दोषासाठीं दुसऱ्या वेटोळ्यास फेंकून देऊं नये हें शिकविणाऱ्या गाडीचा कर्ता, कोट्यवधि निरपराध माणसांस एकाच पेटींत घालून दोषी ठरवितो, ह्याहून मोठी विसंगति कोणती? चरित्र लिहितांना ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

मॉडेल टी गाडीच्या बाबतींतही तो शेवटीं फसला, आणि तो उलट्या बाजूनें. ह्या गाडीवर त्याचा जीव इतका जडला होता कीं, तिच्यांत मोठा बदल करण्याची सूचना त्यास सहन होत नसे. १९१२ मध्यें त्याच्या माणसांनीं सुधारलेली एक नमुन्याची गाडी त्यास दाखविली, तेव्हां त्यानें ती आपल्या हातांनीं मोडून टाकली, अशी हकीकत सांगतात. इकडे चार्ल्स केटरिंग ह्यानें काढलेली, एकाच वेटोळ्यापासून सर्व सिलिंडरांस ठिणगी वांटणारी योजना १९१० च्या कॅडिलॅक गाडीपासून प्रचारांत आली होती; १९१२ पासून कॅडिलॅक गाड्या दांडा न फिरवितां विजेनें सुरू होऊं लागल्या होत्या. फोर्ड मात्र एक भाग आज, एक भाग उद्यां, असे तुकडे बदलीत आपली जुनी गाडीच पुढें रेटीत राहिला. त्याचा पुत्र एडसेल १९१९ पासून नांवाचा अध्यक्ष होता. आतां तुकडे बदलून भागणार नाहीं, गाडीच नवी केली पाहिजे, हें तो बापास परोपरीनें सांगे. बाप ऐकत नसे.

अखेर गिऱ्हाइकांनींच निर्णय दिला. खप घसरत गेला आणि ता. २६ मे १९२७ रोजीं दीड कोटीवी गाडी बाहेर काढून मॉडेल टी बंद करण्यांत आली. पुढची गाडी तयार नव्हती. त्यामुळें जुळणीचें काम सुमारें सहा महिने थांबलें व हजारों कामगार घरीं बसले. ज्या बदलास वेळींच आरंभ केला असता तर तो हळूहळू झाला असता, तो एकदम करावा लागला आणि त्याची झळ गरिबांस लागली. डिसेंबरांत निघालेल्या नव्या मॉडेल ए गाडींत चार वेटोळ्यांची ती गुणगुणणारी पेटी नव्हती. तिच्या जागीं एकच वेटोळें होतें.

फोर्डच्या गाड्या तोंवर आपल्या देशांतही आल्या होत्या. १९२६ मध्यें कंपनीची हिंदुस्थानांतील शाखा स्थापन झाली. यंत्रयुगाच्या ह्या अध्वर्यूचा आणि यंत्रयुगाविषयीं साशंक असलेल्या महात्मा गांधींचाही एकदां पत्रव्यवहार झाला. १९४१ मध्यें फोर्डनें गांधीजींस आदर व्यक्त करणारें पत्र धाडलें आणि गांधीजींनीं उलट भेट म्हणून आपल्या सहीचा एक चरखा त्यास पाठविला. चात वांकली तर चात बदलावी, माळ तुटली तर माळ बदलावी, असें तें साधें यंत्र पाहून घड्याळें दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्यास काय वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्याचे शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहींत. कामगारांच्या संघटनेस त्यानें कडवा विरोध केला. १९३७ मध्यें त्याच्या कारखान्याबाहेर संघटनेच्या पुढाऱ्यांस मारहाण झाली, आणि १९४१ मध्यें अखेर त्यास संघटनेशीं करार करावा लागला. ता. २६ मे १९४३ रोजीं, मॉडेल टी बंद झाली त्याच तिथीस, एडसेल वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं कर्करोगानें वारला. म्हाताऱ्यानें पुन्हां सूत्रें हातीं घेतलीं, पण हात थकले होते. १९४५ मध्यें कारभार नातवाकडे गेला. ता. ७ एप्रिल १९४७ रोजीं नदीच्या पुरानें त्याच्या डिअरबॉर्न येथील घराची वीज बंद पडली होती. त्या रात्रीं मेणबत्त्या व तेलाचे दिवे ह्यांच्या उजेडांत, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन, हेन्री फोर्ड मरण पावला. विजेच्या ठिणगीवर ज्यानें आपलें वैभव उभारलें, तो शेतावरच्या आपल्या जन्मकाळच्या उजेडांतच गेला.

आतां आमच्या घाटांतील मोटारीकडे वळूं. एका वेटोळ्याची पद्धति बरींच वर्षें चालली; परंतु आजच्या पुष्कळ गाड्यांत पुन्हां प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र वेटोळें, तेंही थेट प्लगच्या माथ्यावर बसविलेलें असतें. फोर्डची चारांची पेटी जणूं परत आली आहे, आणि तिच्याबरोबर तो जुना प्रश्नही. गाडींतला संगणक कोणतें सिलिंडर चुकतें हें सांगतो; तें कां चुकतें हें सांगत नाहीं. म्हणून आजही चांगला मिस्त्री प्रथम तीच शंभर वर्षांपूर्वींची परीक्षा करतो: संशयित वेटोळें शेजारच्या सिलिंडरावर बसवितो आणि दोष त्याच्याबरोबर सरकतो कीं काय हें पाहतो. न सरकला तर वेटोळें निर्दोष. सरकला तरी तें कां जळलें हें पाहिलें पाहिजे. प्लग झिजून त्याची फट रुंदावली असेल, तर वेटोळ्यास अधिक जोर करावा लागतो. प्लगच्या खोबणींत तेल अगर पावसाचें पाणी उतरत असेल, तर नवें वेटोळेंही फार दिवस टिकत नाहीं. कोंकणच्या पावसांत हें विशेष जपावें लागतें.

कारण दूर केल्यावर, बाकीचीं तीन नीट चालत असतील, तर त्याच जातीचें एक वेटोळें बसविणें पुरेसें आहे. प्लगांची गोष्ट निराळी. ते सारखेच झिजतात, म्हणून ते चारही एकदम बदलणें योग्य. वेटोळीं चारही केव्हां बदलावीं? चारही एकाच वयाचीं असून दीर्घकाळ चाललेलीं असतील व थोड्याच अवधींत दुसरेंही गेलें असेल तेव्हां. अथवा तीं इंजिनाच्या अशा अडचणींत असतील कीं, वेटोळ्याच्या किंमतीहून तीं उघडण्याची मजुरी भारी. अथवा कारखानदारानेंच ती खेप सदोष म्हणून परत बोलाविली असेल तेव्हां. अशा वेळीं काढलेल्यांपैकीं चांगलीं वेटोळीं फेंकून न देतां गाडींत जवळ ठेवावीं. घाटांत तींच उपयोगी पडतील. कांहींही ठरलें तरी लंगडी गाडी दिवसेंदिवस तशीच पळवूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन तेथील धूर शुद्ध करणारा किंमती भाग बिघडवितें, आणि लहान खर्च टाळण्याच्या नादांत मोठा खर्च अंगावर येतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणी मिस्त्री होईल, कोणी शिक्षक, कोणी कारखान्याचा मालक. वर्गांतील एका मुलाच्या खोडीसाठीं साऱ्या वर्गास शिक्षा करावी कीं काय, अथवा वर्गांतील मुलें एकामागून एक नापास होत असतां दोष मुलांचा कीं शिकविण्याचा, असे प्रश्न तुमच्यापुढें येतील. त्या वेळीं एक दोषी म्हणून सर्वांस फेंकूं नका, आणि सर्वांस ग्रासणारें कारण दिसत असतां एकास बदलून समाधान मानूं नका. ह्या दोहोंत काय खरें तें ठरविण्यासाठीं घाई न करतां तपासावें लागतें. हेन्री फोर्ड लहानपणीं घड्याळ पुढें घेऊन बसे, तेव्हां हेंच करीत असे. आणि जेथें जेथें तो हें विसरला, तेथें तेथें त्याचें नुकसान झालें, व त्याच्याहून अधिक दुसऱ्यांचें झालें.